‘ईडी’ एकच, उच्चार तीन
इंग्रजीतील नियमित क्रियापदांना भूतकाळात केवळ ‘ईडी’ (-ed) जोडले की काम संपते, असे या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे. लेखनापुरते ते बहुतांशी खरे आहे. उच्चारात मात्र त्याच दोन अक्षरांची तीन रूपे होतात आणि आपल्याकडे शाळेत ती क्वचितच शिकवली जातात.

मूळ क्रियापदाच्या शेवटी क, प, स, श, च, फ यांसारखा अघोष, म्हणजे स्वरतंतू कंप न पावता उच्चारला जाणारा, ध्वनी असेल, तर प्रत्ययाचा उच्चार ‘ट’ होतो, म्हणून ‘वॉक’चे ‘वॉक्ट’. शेवटी स्वर किंवा घोष (स्वरतंतूंच्या कंपासह उच्चारले जाणारे) व्यंजन असेल तर ‘ड’, जसे ‘प्लेड’. आणि शेवटी ट किंवा ड हाच ध्वनी असेल तर मध्ये स्वर येऊन ‘वॉन्टिड’ होते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना हे अवघड वाटू नये, कारण विपद् आणि काल यांचा विपत्काल होताना द् चा त् का होतो, हे त्यांनी व्यंजनसंधीत शिकलेलेच असते. फरक इतकाच, की तिथे पुढचा ध्वनी मागच्याला बदलतो, तर इंग्रजीत मागचा पुढच्याला.

माझ्या मते ‘वॉक-एड’, ‘लाफ-एड’ अशी सवय लागण्यापूर्वीच, म्हणजे काळांचे तक्ते पाठ करून घेण्याच्या वेळीच, ही रूपे मोठ्याने म्हणून घ्यावीत. पूर्ण वर्तमानकाळातही हेच रूप येत असल्यामुळे तिथे वेगळा नियम शिकवावा लागत नाही.