विंडोजशेजारी उबुंटू : डिस्कच्या विभागणीविषयी

एकाच संगणकावर विंडोजशेजारी उबुंटू (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) बसवताना डिस्कची विभागणी उबुंटूच्याच इन्स्टॉलरवर सोपवावी, असा एक सल्ला दिला जातो. मला मात्र विंडोजचे पार्टिशन (डिस्कचा विभाग) विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंट या साधनातून लहान करणे अधिक सुरक्षित वाटते. त्याआधी फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करण्याची सोय) अवश्य बंद करावे, कारण ते चालू असताना शट डाउन केलेले विंडोज प्रत्यक्षात अर्धवट हायबरनेट झालेले (पूर्ण बंद न होता आपली स्थिती डिस्कवर जपून ठेवलेले) असते आणि अशा स्थितीत ते पार्टिशन लिनक्समधून लिहिण्यासाठी उघडल्यास फायली खराब होऊ शकतात. बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास तिचे कुलूप उघडणारी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी (त्याच संगणकावर साठवलेली की ऐनवेळी निरुपयोगी!). पुढे विंडोजमधले घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागले, तर ती बिघाडाची खूण नव्हे: लिनक्स सहसा मदरबोर्डवरील घड्याळात यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते.