मदत हवी आहे: ट्यूब + चिप अँप, बास गायब आणि वर शिट्टी

अर्धवट_सोल्डर:
पटकन सांगा कोणीतरी, डोकं उठलंय. छोट्या डब्यात हायब्रिड अँप (अॅम्प्लिफायर) बांधलाय, पुढे ट्यूब (जुन्या रेडिओतला काचेचा व्हॉल्व्ह) आणि मागे क्लास डी चिप (झपाट्याने चालू-बंद होऊन आवाज वाढवणारी). मोबाईल थेट चिपला लावला की दणदणीत वाजतं. मधे ट्यूब आली की पत्र्याच्या डब्यातून ऐकल्यासारखं, बास नावालाही नाही, आवाजही कमी. शिवाय बारीक शिट्टी येते. वायरिंग दोनदा तपासलंय, सोल्डरिंग नीट आहे, तेव्हा ते सांगू नका. ट्यूब पेटते. काय बदलू?

तारतम्य:
कुठली ट्यूब? कुठली चिप? सप्लाय किती? सर्किट कुठलं? यातलं काहीच लिहिलेलं नाही. "काय बदलू"चं उत्तर मग "सगळं" असंच येणार.

जुना_व्हॉल्व्ह:
ट्यूबच्या मागे चिप कशाला लावायची, हेच मला कळत नाही. दोन ईएल८४ (पॉवर ट्यूब) घ्या, बरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर घ्या आणि सुखी व्हा.

गुणगुणा:
काका, त्यांना छोट्या डब्यात बसवायचंय. दोन चॅनेलचे ट्रान्सफॉर्मर घातले तर डब्याला चाकं लावावी लागतील.

शून्य_व्होल्ट:
सर्वांत आधी सुरक्षितता! ट्यूबच्या सर्किटमध्ये ३०० व्होल्ट असतात. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटर चार्ज राहतात. तो चार्ज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर लावा, एक हात खिशात ठेवा, एकट्याने काम करू नका.

अर्धवट_सोल्डर:
@शून्य_व्होल्ट माझ्याकडे सगळं २४ व्होल्टवर आहे हो, लॅपटॉपसारखा अडॅप्टर. ट्यूब १२एयू७, चिप टीपीए३११६चा तयार बोर्ड. फिलामेंटला (ट्यूब तापवणारी तार) एलएम२५९६च्या व्होल्ट कमी करणाऱ्या बोर्डातून १२.६ व्होल्ट देतो. सर्किट एका गिटार अँपच्या पहिल्या स्टेजचं. अजून काय हवंय?

शून्य_व्होल्ट:
तरी सवय चांगली.

तारतम्य:
ट्यूब आणि चिपच्या मधला कपलिंग कॅपॅसिटर किती, आणि बोर्डाचा गेन (सिग्नल किती वाढतो ते) किती डीबीवर आहे?

अर्धवट_सोल्डर:
कॅपॅसिटर सर्किटमध्ये होता तोच, .०२२ मायक्रोफॅरड. गेन सगळ्यात वरचा असावा, मी हात लावलेला नाही. पण त्याचा बासशी काय संबंध?

तारतम्य:
तोच तर संबंध आहे. या चिपचा इनपुट इंपिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) गेनप्रमाणे बदलतो: २० डीबीला ६० के (किलोओहम), २६ला ३० के, ३२ला १५ के आणि ३६ला फक्त ९ के. गिटार अँपमध्ये त्या .०२२च्या पुढे दुसरी ट्यूब असते, तिच्या ग्रिडला (सिग्नल घेणारं टोक) १ मेगओहम. तिथे कटऑफ (ज्याच्या खालचे सूर गळतात ती फ्रिक्वेन्सी) ७ हर्ट्झवर येतो, म्हणून तो कॅपॅसिटर तिथे पुरतो. तुमच्याकडे पुढे ९ के. २४ व्होल्टवर उपाशी चालणाऱ्या १२एयू७चा आउटपुट इंपिडन्स अंदाजे १५ के धरा, मिळून २४ के. कटऑफ गेला ३०० हर्ट्झवर. बास राहणार कुठून? आणि १५ आणि ९च्या वाटणीत सिग्नलचा जेमतेम ३७ टक्के भाग चिपपर्यंत पोचतो, म्हणून आवाजही कमी.

कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा फिल्मवाला घाला. गेन २६वर आणा. १० डीबी जातील, पण इंपिडन्स वाढल्यामुळे ५ परत मिळतील. गेन ठरवणारे दोन रेझिस्टर बोर्डावर असतात, मूल्यं डेटाशीटच्या तक्त्यात आहेत. हे बंद करून बदला, चिप गेन चालू होतानाच वाचते. बोर्डाच्या इनपुटला आधीच कॅपॅसिटर असेल तर तोही बघा, सिरीजमध्ये लहान असतो त्याचंच राज्य.

मॉस्फेटवाला:
एवढा खटाटोप नको. ट्यूबनंतर मॉस्फेटचा सोर्स फॉलोअर (पुढचा भार ट्यूबवर येऊ न देणारा बफर) टाका. मी आयआरएफ५१० वापरतो. मग पुढे ९ के असो की काही असो. गेनला हात लावायची गरज नाही.

तारतम्य:
३६ डीबीवर हिस (सततचा 'स्स' आवाज) किती ऐकू येतो ते सांगितलं नाहीत. मोबाईलला एवढा गेन लागतच नाही.

मॉस्फेटवाला:
माझ्या स्पीकरवर येत नाही.

तारतम्य:
तुमच्या स्पीकरवर.

जुना_व्हॉल्व्ह:
आता ट्यूबनंतर मॉस्फेट, त्यानंतर चिप. मग ट्यूब फक्त दिवा म्हणून ठेवलीय का? बाजारातल्या कित्येक स्वस्त बोर्डांत तर तिच्याखाली एलईडी लावलेला असतो.

गुणगुणा:
काका, खरं सांगायचं तर २४ व्होल्टवर ट्यूब जरा जास्तच सेकंड हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) देते आणि लोकांना तोच "उबदार" आवाज आवडतो. आवडला तर बिघडलं काय? बरं, शिट्टीकडे वळू या. @अर्धवट_सोल्डर, फिलामेंट थोडा वेळ आठ सेलच्या १२ व्होल्टवर चालवून बघा. शिट्टी थांबली तर एलएम२५९६ दोषी. तो स्वतः १५० किलोहर्ट्झवर स्विच होतो, क्लास डी चिपही स्विच होते. त्याच्या एखाद्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीचा आणि चिपच्या फ्रिक्वेन्सीचा फरक आपल्या कानाच्या टप्प्यात आला की तुम्हाला शिट्टी. तो बोर्ड काढून २४मधून थेट ७५ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा. फिलामेंट १५० मिलिअँप घेतं, ११ व्होल्टच्या वर पडतात, झालं काम.

मॉस्फेटवाला:
रेझिस्टर छोट्या डब्यात तापेल. ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर) लावा.

गुणगुणा:
७८१२ काय थंड राहणार? करंट तोच आणि पडणारे व्होल्टही जवळपास तेवढेच, उष्णता १.७ वॉटच्या आसपासच. उलट रेझिस्टरमुळे थंड फिलामेंटला सुरुवातीचा झटका कमी बसतो. अ‍ॅनोडच्या फीडलाही (ट्यूबचा मुख्य २४ व्होल्टचा पुरवठा) १ के आणि ४७० मायक्रोफॅरड घाला. तिथे एक मिलिअँपही जात नाही, एक व्होल्टसुद्धा पडणार नाही.

स्पीकर_फाटला:
स्पीकरची काळी वायर डब्याला जोडली आहे का? ती चिप ब्रिजमध्ये चालते (स्पीकरच्या दोन्ही टोकांना सिग्नल), आउटपुटचं उणं टोक ग्राउंड नसतं.

अर्धवट_सोल्डर:
नाही जोडलेली. १ मायक्रोफॅरड घातला, बास आला! गेन बदलायला बारीक टिपची सोल्डरिंग गन शोधतोय. सेलवर शिट्टी थांबली, म्हणजे एलएम२५९६च. पण ७५ ओहम मिळत नाही, दोन १५० ओहमचे पॅरलल चालतील?

गुणगुणा:
चालतील, ३ वॉटचे घ्या. डब्याच्या प्लास्टिकपासून आणि कॅपॅसिटरपासून लांब ठेवा.

नवखा_रेडिओ:
धागा पळवतोय, माफ करा. माझ्याकडे ६डीजे८ ट्यूब पडून आहे. त्याच सॉकेटात चालेल का?

तारतम्य:
बसेल, चालणार नाही. तिला ६.३ व्होल्टला ३६५ मिलिअँप लागतात आणि ९ नंबरची पिन फिलामेंटची नसून शील्डची असते. या रेझिस्टरमधून मिळणाऱ्या कमी करंटवर ती नीट तापणारच नाही. नवा धागा काढा. आणि त्यात सप्लाय किती, सर्किट कुठलं, हे आधी लिहा.