मदत हवी आहे : आहारतज्ज्ञ म्हणून तात्पुरत्या नोंदणीसाठी जुन्या इंटर्नशिपचे आणि कामाचे पुरावे कसे गोळा करावेत?

नमस्कार.

मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहते आणि जून २०१६ पासून एका मधुमेहतज्ज्ञ डॉक्टरांच्या दवाखान्यात, सध्या आठवड्यातून तीन दिवस, रुग्णांना आहाराचा सल्ला देते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला समोर बसवून शांतपणे सांगितले, की २०२१ च्या कायद्याने आता आहारतज्ज्ञांनाही नोंदणी लागणार आहे, तेव्हा मी माझी कागदपत्रे नीट लावून तात्पुरत्या नोंदणीच्या, म्हणजे सगळे ज्याला प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन म्हणतात त्याच्या, अर्जाची तयारी करावी आणि तोवर दवाखान्याच्या पाटीवर माझ्या नावापुढे काही लिहू नये. त्यांचे म्हणणे मला पटले आहे. अडचण कागदपत्रांची आहे, आणि म्हणूनच येथे सविस्तर लिहीत आहे.

माझी मूळ पदवी सूक्ष्मजीवशास्त्रातली बी.एस्सी. असून ती २०११ सालची आहे. त्यानंतर मी आहारशास्त्रातला एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा केला आणि जुलै ते डिसेंबर २०१३ असे सहा महिने शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात इंटर्नशिप केली. २०१४ मध्ये लग्न झाले आणि मुलगी थोडी मोठी होईपर्यंत मी घरीच होते.

कायद्याचा मजकूर मी स्वतः दोनदा वाचला. त्याचे पूर्ण नाव नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्ट, २०२१ असे आहे आणि तो २५ मे २०२१ पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पोषणशास्त्राचा वेगळा गट असून त्यात डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट हे दोन्ही व्यवसाय आले आहेत. मात्र व्याख्येपाशी मी अडखळले. हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायचे, तर किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत विभागलेली पदवी हवी. अलाईड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचा, दोन ते चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा. माझी पदवी तीन वर्षांची आहे खरी, पण ती पोषणशास्त्रातली नाही. आणि पोषणशास्त्रातला माझा डिप्लोमा एकाच वर्षाचा आहे. कायदा येण्याआधीपासून जे सेवा देत आहेत त्यांना तात्पुरती नोंदणी देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि माझी सगळी आशा त्या तरतुदीवर आहे.

आता इंटर्नशिपविषयी. रुग्णालयाने मला दिलेले प्रमाणपत्र दोन ओळींचे आहे. मी इंटर्नशिप ‘समाधानकारकरीत्या पूर्ण केली’ एवढेच त्यात लिहिले आहे. सुरुवातीची आणि शेवटची तारीख नाही, तास नाहीत, रुग्णालयाच्या खाटांची संख्या नाही, आणि सही मुख्य आहारतज्ज्ञांची नसून मनुष्यबळ विभागातल्या कोणाची तरी आहे. त्या वयात प्रमाणपत्र हातात पडल्याचाच आनंद इतका होता, की त्यात काय नाही हे पाहण्याचे सुचले नाही. मध्यंतरी त्या रुग्णालयाचे व्यवस्थापन बदलले. मी तीन वेळा जाऊन आले, आणि तिन्ही वेळा ‘इतके जुने रेकॉर्ड आमच्याकडे नाही’ हेच उत्तर मिळाले.

माझ्याकडे शिल्लक आहे ते लॉगबुक. निळ्या पुठ्ठ्याची ही वही मी सुदैवाने माहेरच्या कपाटात जपून ठेवली होती. परवा आईकडून आणून उघडली, तर प्रत्येक पानाच्या तळाशी आमच्या मॅडमची आद्याक्षरे आणि तारीख आहे. सकाळी आठला डाएट किचनमध्ये हजेरी, मग वॉर्डातून फुल, सॉफ्ट आणि लिक्विड डाएटची संख्या घेऊन येणे, नळीवाटे आहार घेणाऱ्या रुग्णांची दोन-दोन तासांची आर.टी. फीड मोजून लावणे, आणि दुपारी मॅडमबरोबर राऊंड. एका पानावर मी डायलिसिसच्या रुग्णाच्या जेवणात बटाट्याची साधी भाजी लिहिली होती. मॅडमनी ती लाल शाईने खोडून शेजारी लिहिले आहे, ‘आधी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी टाका. पोटॅशियम!’ ते उद्गारचिन्ह पाहून मला त्या दिवशीचा त्यांचा आवाज आठवला.

हे सगळे मी केवळ नोकरी टिकवण्यासाठी करत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे मूत्रपिंडाचा विकार असलेले एक काका आले. कोणा सल्लागाराच्या सांगण्यावरून ते दीड महिना रोज दोन शहाळी पीत होते आणि त्यांचे पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेले होते. सल्ला देणाऱ्या व्यक्तीने काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला होता आणि नावापुढे आहारतज्ज्ञ असे लिहिले होते. आपल्या व्यवसायाला नोंदवही हवी आणि तिच्यात कोणाचे नाव यावे याची कसून तपासणी व्हावी, असे मला तेव्हापासून मनापासून वाटते. म्हणूनच माझे स्वतःचे नाव तिच्यात कच्च्या कागदांवर यावे हेही मला नको आहे.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. लॉगबुक आणि ते अर्धवट प्रमाणपत्र यांच्या आधारे इंटर्नशिप सिद्ध करता येईल का, आणि त्यासाठी मॅडमकडून नेमके काय लिहून घ्यावे? दवाखान्यातल्या कामाचा पुरावा म्हणून डॉक्टरांचे एक पत्र पुरेसे होईल का? नेमणुकीचे पत्र मला कधी मिळालेच नाही, कारण सुरुवात ‘बघू, येत जा’ अशीच झाली होती. इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी. म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन परीक्षा आधी द्यावी, की आधी नोंदणीच्या मागे लागावे? शिवाय शिक्षणातली उणीव भरून काढण्यासाठी दूरशिक्षणाने एम.एस्सी. करण्याचा विचार आहे. तो योग्य ठरेल का? आणि शेवटचे म्हणजे, माझी सगळी प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने आहेत आणि आधार व पॅन सासरच्या नावाने. याचे काय करावे?

---

प्रतिसाद १

ताई, मी गेली अनेक वर्षे पुण्यातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि इंटर्न मुलींची लॉगबुके तपासण्याचे कामही माझ्याकडे आहे.

सगळ्यात आधी आर.डी. आणि नोंदणी या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा. आर.डी. ही आपल्या व्यावसायिक संघटनेने परीक्षा घेऊन दिलेली मान्यता आहे. रुग्णालये नोकरी देताना तिला मान देतात आणि तो रास्तच आहे, पण ती सरकारी परवान्याची जागा घेत नाही. कायद्यातली नोंदणी राज्य परिषदेच्या नोंदवहीत होते, आणि तिच्यात नाव नसताना व्यवसाय केल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. राज्यांनी परिषदा स्थापन करण्यात चालढकल केली, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी १२ ऑक्टोबर २०२४ ही मुदत घालून द्यावी लागली होती. तेव्हा हे प्रकरण थंड बस्त्यात जाईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तुमच्या स्थितीत नोंदणीची फाईल आधी तयार करावी आणि आर.डी.चा अभ्यास तिच्याबरोबरच सुरू ठेवावा.

लॉगबुकबद्दल वाचून मला फार बरे वाटले. रोजच्या तारखेची, वरिष्ठांच्या आद्याक्षरांची वही हा त्या दोन ओळींच्या प्रमाणपत्रापेक्षा कितीतरी सबळ पुरावा आहे. मॅडमना भेटा आणि त्यांच्याकडून स्वतंत्र पत्र घ्या. त्यात त्या काळातले त्यांचे पद, इंटर्नशिपची पहिली आणि शेवटची तारीख, आठवड्याचे दिवस, रोजचे तास आणि त्यावरून काढलेले एकूण तास, कोणकोणत्या वॉर्डांत काम केले ते आणि त्यावेळच्या खाटांची संख्या असावी. ‘हजेरी व कामाच्या नोंदी असलेले लॉगबुक मी स्वतः तपासले असून त्यातील आद्याक्षरे माझी आहेत’ हे वाक्य मात्र जसेच्या तसे यायला हवे, कारण पत्र आणि वही यांना जोडणारा धागा तोच आहे. एकूण तास वहीतल्या दिवसांशी जुळतात ना हे तुम्ही स्वतः मोजा. नंतर वहीच्या प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढा, रुग्णांची नावे झाका आणि मूळ वही कोणत्याही खिडकीवर सोडून येऊ नका.

दूरशिक्षणाचा विचार कृपया सोडून द्या. या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, ज्यांत अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन व डायटेटिक्स यांचाही समावेश आहे, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली आहे. यानंतरही कोणी असा प्रवेश देऊ करत असेल तर फी भरू नका. एम.एस्सी. करायची तर नियमित वर्गातच करा. तुमची पदवी सूक्ष्मजीवशास्त्रातली असल्यामुळे पात्रतेचे उत्तर प्रवेशापूर्वी लेखी घ्या. कर्वे रस्त्यावरच्या एस.एन.डी.टी.च्या परिसरात गृहविज्ञानाचा विभाग आहे. चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. या कायद्याखालच्या राष्ट्रीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये पोषण व आहारशास्त्राचा नवा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला आहे. तो वाचून आपल्या डिप्लोमातले विषय त्याच्याशी ताडून पाहिलेत, तर उणीव नेमकी कुठे आहे ते तुमचे तुम्हालाच कळेल.

आर.डी.च्या अभ्यासाविषयी एकच सांगते. २०१३ च्या वह्या वापरू नका. त्या वेळी आपण ६० किलोचा संदर्भ पुरुष, म्हणजे हिशेबासाठी मानलेला प्रमाण पुरुष, धरत होतो. आय.सी.एम.आर.च्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशींत तो ६५ किलोचा झाला आहे, स्त्रीचे वजन ५५ किलोच राहिले आहे, आणि प्रथिनांची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. जुन्या आकड्यांवर पाठ झालेली गणिते सगळी चुकतात, हे मी मुलींच्या बाबतीत दरवर्षी पाहते.

---

प्रतिसाद २

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, करसल्लागार आहे, त्यामुळे फक्त कामाच्या पुराव्याविषयी लिहितो.

डॉक्टरांचे पत्र आज लिहिलेले असेल, आणि तुम्हाला सिद्ध करायचे आहे ते २५ मे २०२१ च्या आधीचे काम. अशा ठिकाणी त्याच काळात तयार झालेला आणि तुमच्या हातात नसलेला कागद अधिक वजनदार ठरतो. दवाखान्याने तुमच्या मानधनातून कर कापून भरला असेल, तर आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनखाली २६ए.एस. या विवरणात वर्षवार नोंद सापडेल. तिथे मानधन देणाऱ्याचे नाव, रक्कम आणि कलम १९४जे दिसते, आणि १९४जे हे १९६१ च्या आयकर कायद्यातले व्यावसायिक सेवांच्या शुल्काचे कलम आहे. म्हणजे तुम्ही त्या दवाखान्याला व्यावसायिक सेवा देत होता, हे सरकारदरबारी त्या-त्या वर्षीच नोंदले गेले आहे. त्या काळी वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर ही कपात लागू नव्हती, त्यामुळे एखादे सुरुवातीचे वर्ष रिकामे दिसले तर घाबरू नका. त्या वर्षासाठी पासबुकातल्या धनादेशांच्या नोंदी लावा. डॉक्टरांच्या पत्रात याच तारखा आणि रकमा याव्यात, म्हणजे तिन्ही कागद एकमेकांना दुजोरा देतील.

---

प्रतिसाद ३

नावाचा प्रश्न सोपा आहे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि शासन राजपत्रातली नावबदलाची जाहिरात हे दोन्ही जोडा. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मी केला तेव्हा आधीचे नाव लिहिताना वडिलांच्या नावाचे स्पेलिंग पदवीवर एक आणि माझ्या अर्जात दुसरे झाले, आणि सगळे पुन्हा करावे लागले. पदवी समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा.

---

धागाकर्ती

आपण सर्वांनी वेळ काढून इतके नेमके लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

२६ए.एस. उतरवून घेतले. २०१७-१८ पासून पुढच्या प्रत्येक वर्षी दवाखान्याच्या नावाची नोंद आहे. २०१६-१७ रिकामे आहे, कारण तेव्हा मी आठवड्यातून एकच दिवस जात होते. पासबुकात त्या वर्षीचे नऊ धनादेश सापडले. दूरशिक्षणाचा प्रवेश अर्ज मी अर्धा भरला होता, तो तिथेच सोडला.

मॅडम आता निवृत्त होऊन कोथरूडला राहतात. काल फोन केला, तर त्यांनी आधी माझा आवाज ओळखला नाही, पण बटाट्याच्या भाजीचे पान सांगितल्यावर ओळखले. रविवारी वही घेऊन बोलावले आहे. लॉगबुकातले दिवस मी दोनदा मोजले, १४३ भरले. मात्र त्यातल्या सहा दिवसांवर आद्याक्षरे मॅडमची नसून त्यांच्या सहायकांची आहेत, आणि त्या आता परदेशी असतात. प्रतिसाद १ मधल्या ताईंना एकच विचारते : मॅडमच्या पत्रात १३७ दिवसच लिहून घ्यावेत, की उरलेल्या सहा दिवसांसाठी सहायकांकडून ईमेलने वेगळे पत्र मागवावे?

---

प्रतिसाद १

१३७ च लिहून घ्या. मॅडमनी स्वतः न तपासलेल्या दिवसांवर त्यांची सही नको. सहायकांचे पत्र आले तर ते वेगळे जोडा आणि त्यात त्या सहा तारखा लिहा.