मदत हवी आहे: बॅरोट्रॉमा – तीन माणसं, सतरा यंत्रं आणि पाणबुडी रोज तळाला

गाळात_रुतलेला

नमस्कार मंडळी,

इथे कुणी बॅरोट्रॉमा खेळतं का? जाणकारांची मदत हवी आहे, आणि जरा लवकर, कारण आमचा मावसभाऊ "पुन्हा असंच झालं तर मी आपला लुडोवर परत जातो" अशी धमकी देऊन बसलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गुरूचा चंद्र युरोपा. त्याच्या बर्फाच्या कवचाखाली काळाकुट्ट समुद्र, त्यात आपली पाणबुडी. पडद्यावर ती मधोमध उभी चिरल्यासारखी दिसते: वरचा मजला, खालचा मजला, शिड्या, दारं, सगळं. फिनलंडच्या मंडळींनी केलेला गेम आहे. २०१९ पासून अर्धवट रूपात विकत मिळत होता, पूर्ण आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली. भयकथा म्हणून सुरू करा, अर्ध्या तासात लग्नघरातल्या मुदपाकखान्याचा गोंधळ होतो. राक्षस बाहेरचे बरे, आतली यंत्रं जास्त छळतात. अणुभट्टी, इंजिन, प्राणवायूचं यंत्र, बॅलास्टचे पंप (टाकीत पाणी भरून-काढून पाणबुडी खाली-वर करणारे), बॅटऱ्या, तोफेचे कपॅसिटर, सोनार. शिवाय या सगळ्यांना वीज पोचवणारे ते जंक्शन बॉक्स, ज्यांच्यामुळे हा धागा काढलाय.

आम्ही तिघं. मी कॅप्टन, मावसभाऊ इंजिनियर, कॉलेजचा एक मित्र मेकॅनिक. पाणबुडी ड्यूगाँग, म्हणजे सुरुवातीला मिळते त्यांपैकीच एक. नमुना म्हणून कालचा प्रवास सांगतो.

झकास चाललो होतो. सोनारवर समोरून चार-पाच ठिपके येताना दिसले, मी इंजिन पूर्ण वेगावरून खाडकन शून्यावर आणलं. दिवे क्षणभर लखलखले आणि खालच्या मजल्यावर फट्ट! एक जंक्शन बॉक्स गेला. त्याच्यामागे शेजारचा. तिथे आग. मित्र अग्निशामक घेऊन धावला, तेवढ्यात क्रॉलर नावाच्या जनावरांनी पत्रा फोडला आणि पाणी आत. आगीचं काम पाण्याने केलं, पण उरलेसुरले बॉक्सही त्याच पाण्यात बुडाले. अंधार. पंप बंद, बॅलास्ट टाकी भरलेली, म्हणजे आम्ही आता दगडासारखे खाली. मावसभाऊ रिॲक्टरवर इंधनकांड्या कोंबतोय, "अरे तापमान का वाढतंय", "अरे लोड (विजेची मागणी) का शून्य दाखवतंय". आणि या सगळ्यात आमचे मेकॅनिकसाहेब विदूषकाचा मुखवटा चढवून सायकलचा भोंगा वाजवत गुडघाभर पाण्यात उभे. तो मुखवटा त्याने वाटेतल्या थांब्याच्या, म्हणजे चौकीवरच्या दुकानातून सगळ्यांच्या पैशांतून घेतलाय, हे वेगळंच.

प्रश्न असे. जंक्शन बॉक्स सारखे का फुटतात? रिॲक्टर ऑटोवर ठेवावा की हाताने चालवावा? तिघांत हे सगळं जमतं का, की बॉट (संगणकाने चालवलेले खलाशी) घ्यावेत? शेवटचा जरा विचित्र आहे: मावसभाऊ डायव्हिंग सूट घालून, टाकी लावून बाहेर गेला की दरवेळी गुदमरून मरतो. टाकी भरलेली असते, मी स्वतः बघितलीय.

---

तारतंत्री

तुमचा अर्धा प्रश्न तुमच्याच वर्णनात सुटलाय. "खाडकन शून्यावर आणलं."

पाणबुडीत सगळ्यात जास्त वीज इंजिन खातं. तुम्ही ते एकदम सोडलंत की मागणी धाडकन खाली येते, पण टर्बाइन आधीच्या मागणीइतकीच वीज ढकलत राहतं. ही जास्तीची वीज जाणार कुठे? जंक्शन बॉक्समध्ये. दिवे लखलखले ना, ती खूण आहे. ऑटो कंट्रोल टर्बाइन खाली आणतो, पण सावकाश. तोवर दोन बॉक्स गेलेले असतात. आणि बॉक्स गेला की त्याच्यामागची यंत्रंही तुटतात, मागणी अजून घटते, पुढचा बॉक्स फुटतो. मावसभावाला लोड शून्य दिसत होतं ते त्यामुळेच: रिॲक्टर ठणठणीत, पण वीज घ्यायला पलीकडे कुणी उरलंच नाही.

उपाय: वेग टप्प्याटप्प्याने कमी करा. अगदीच थांबायचं असेल तर रिव्हर्स मारा. उलट्या दिशेलाही इंजिन तेवढीच वीज खातं, त्यामुळे मागणी टिकते आणि पाणबुडीही थांबते. मग हळूहळू शून्याकडे या.

आता रिॲक्टर. दोन दांडे आहेत, फिशन आणि टर्बाइन. फिशन उष्णता तयार करतं, टर्बाइन ती ओढून वीज करतं. टर्बाइन लोडशी जुळवायचं, फिशन तापमानाशी. दोन्ही काटे हिरव्या पट्ट्यात ठेवले की झालं. लोक गोंधळतात कुठे, तर वीज कमी पडली की फिशन वाढवत सुटतात. टर्बाइन तिथेच असेल तर वीज वाढत नाही, नुसता चुलीवर जाळ वाढतो. आणि चारही खाचांत कांड्या कोंबू नका. जितकं इंधन जास्त, तितका फिशनचा दांडा जहाल. जरा हलवला की तापमान लाल पट्ट्यात.

प्रवासात ऑटो ठेवा, मारामारीत इंजिनियरने हातात घ्यावा. फक्त ऑटो कांड्या बदलत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

---

गाळात_रुतलेला

रिव्हर्सची युक्ती भारी आहे! पण समोर जनावर असताना इंजिन चालूच ठेवलं तर आवाजाने ते अंगावर येणार नाही का? मी थांबतो तेच त्यासाठी.

---

तारतंत्री

येणारच. पण इंजिनाच्या आधी सोनारकडे बघा. ॲक्टिव्ह ठेवून सतत पिंग मारत (म्हणजे आपणच आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकत) असाल तर तुम्ही स्वतःच दवंडी पिटताय. पॅसिव्हवर (नुसतं ऐकायचं) ठेवा, अधूनमधून क्षणभर ॲक्टिव्ह करून भिंती कुठे आहेत ते बघा, परत पॅसिव्ह. पॅसिव्हमध्येही आवाज करणाऱ्या गोष्टी दिसतात, म्हणजे जनावर कुठल्या बाजूला आहे ते कळतं. आंधळं चालवल्यासारखं वाटेल, पण निम्म्या मारामाऱ्या होतच नाहीत.

---

काकू_ऑन_डेक

आम्ही घरातले दोघंच खेळतो, मी आणि माझा पुतण्या, त्यामुळे बॉटबद्दल मी सांगते.

घ्या. चौकीवर पैसे देऊन माणसं कामावर ठेवता येतात. पहिला इंजिनियर बॉट घ्या आणि त्याला रिॲक्टरवर बसवा. माउसच्या मधल्या बटणाने हुकमांचं चक्र उघडतं, तिथून "रिॲक्टर चालव". कांड्या शिल्लक असतील तर तो बदलतोसुद्धा. दुसरा मेकॅनिक बॉट, त्याला गळती बुजवायला लावा. बॉट हुशार नसतात हो, पण ते कंटाळत नाहीत आणि भोंगा वाजवत नाहीत.

तोफेवर मात्र माणूसच हवा, असं माझं मत. पुतण्याचं मत उलट आहे, आणि त्याचा नेम बघता त्याचंच बरोबर असावं.

अजून एक. दारं बंद ठेवायची सवय लावा. तुमच्याकडे पाणी बॉक्सपर्यंत पोचलं कारण मधलं दार सताड उघडं असणार. गळती एका खोलीत कोंडली की निवांत वेल्डिंग करता येतं. अडलेलं दार पहारीने उघडतं, म्हणून प्रत्येकाच्या कंबरेला एक पहार हवीच. आणि बॉक्स दुरुस्त करायला स्क्रूड्रायव्हर, इंजिन-पंपाला पाना. हे सामान ज्याचं त्याच्याकडे. आमच्याकडे सुरुवातीला एकच पाना होता आणि तो नेमका मेलेल्या माणसाच्या खिशात सापडायचा. कॅप्टनने विजेचं काम अंगावर घेऊ नये, कौशल्य कमी असेल तर चांगला झटका बसतो.

---

उंटावरचा_शहाणा

डायव्हिंग सूटचं कोडं मी सोडवतो. टाकीचा रंग बघा.

वेल्डिंगच्या इंधनाची टाकीही सूटमध्ये बसते. गेम तुम्हाला अडवत नाही. टाकी भरलेलीच दिसणार, कारण ती भरलेलीच आहे. फक्त तिच्यात प्राणवायू नाही. या गेममधला हा सर्वांत जुना आणि सर्वांत नीच विनोद आहे.

मग विचार करा, तुमच्या पाणबुडीवर वेल्डिंगचं सामान कुणाकडे असतं? आणि मुखवटा कुणाकडे आहे?

---

गाळात_रुतलेला

😡 मेकॅनिकला आत्ता फोन केला. आधी "मला काय माहीत" म्हणाला, मग पाच मिनिटं हसत होता. मावसभावाला अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर घरात भांडण होईल.

बाकी सगळं करून बघितलं. रिव्हर्स मारून थांबलो, एकही बॉक्स फुटला नाही. इंजिनियर बॉट घेतला, मावसभाऊ आता तोफेवर आहे आणि जाम खूश आहे. पहिल्यांदाच पुढच्या चौकीवर जिवंत पोचलो.

सूटचं पुढे काय करायचं? म्हणजे पुन्हा कुणी अदलाबदल केली तर?

---

काकू_ऑन_डेक

प्राणवायूच्या टाक्या प्राणवायूच्या यंत्राजवळच्या मांडणीत ठेवा, तिथे त्या आपोआप भरतातही. वेल्डिंगच्या टाक्या दुसऱ्या टोकाच्या कपाटात. आणि बाहेर पडण्याआधी सूट आतच घालून जरा थांबायचं. श्वास कमी व्हायला लागला की लगेच सूट काढायचा, आत दाब नसतो त्यामुळे जीव वाचतो. एअरलॉकच्या बाहेर गेल्यावर मात्र सूट काढणं म्हणजे तिथेच चेंदामेंदा.

---

गाळात_रुतलेला

धन्यवाद काकू. शेवटची एक शंका, मग हा धागा संपवतो.

गुहेजवळून आल्यापासून बॅलास्टच्या एका पंपावर वेलीसारखं काहीतरी उगवलंय. मेकॅनिक म्हणतो शोभेचं आहे, राहू दे. पंप अधूनमधून ऐकत नाही, पण चालतो.

---

तारतंत्री

शोभेचं नाही!! ती बॅलास्ट फ्लोरा. पंपात मुळं धरते, मग भिंतीवरून पसरत तुमची वीज शोषते. पंप ऐकत नाही तो त्यामुळेच. पुढच्या चौकीची वाट बघू नका. आगीला ती टिकत नाही, त्यामुळे फ्लेमर (आग ओकणारं हत्यार) असेल तर उत्तम, नाहीतर प्लाझ्मा कटर. फांद्या छाटत बसू नका, पंपावरचं मूळ जाळा, मग पंप दुरुस्त करा. सूट घालून जा.

---

उंटावरचा_शहाणा

टाकीचा रंग बघून.