मदत हवी आहे: मळ्यातल्या कंटेनर घरात वडिलांसाठी कमी विजेवर चालणारं हीटिंग (निफाड)

मळ्यातली लेक:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण सगळं नीट सांगितल्याशिवाय कोणाला काही सुचवता येणार नाही म्हणून लिहितेय, प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आमचा मळा निफाड तालुक्यात, द्राक्षं आहेत. मळ्यातलं जुनं घर पडायला आलं होतं आणि जमीन पक्की काळी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाया खोल घ्यायचा तर खर्च आवाक्याबाहेर जात होता. म्हणून मागच्या वर्षी २० बाय ८ चा जुना कंटेनर आणला, उंची साडेआठ फूट, आणि दीड फूट उंच सिमेंटच्या पेडेस्टलवर ठेवला. आतून प्लाय मारलाय, पत्रा आणि प्लायच्या मध्ये दोन इंच ग्लासवूल भरलंय असं करणाऱ्याने सांगितलं होतं. दोन स्लायडिंग खिडक्या, एक दार. नाना एकटेच राहतात, वय ७१, दमा आहे. आई गेल्यापासून ते मळा सोडायला तयार नाहीत, नाशिकला फ्लॅटवर आणलं की तिसऱ्या दिवशी बॅग भरून दारात उभे, मळ्याला पाणी कोण देईल म्हणतात.

आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात येतो ना, ५ नाहीतर ६ अंश, तीच आमची थंडी. मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. बागेसाठी एवढं करतो आणि म्हातारा माणूस पत्र्याच्या डब्यात कुडकुडतोय, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

डिसेंबरमध्ये मी चार दिवस राहिले. पहाटे कपाळावर थेंब पडला म्हणून जाग आली, टॉर्च मारला तर छताच्या प्लायवर स्क्रूच्या रांगा आहेत त्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक थेंब, मोजून लावल्यासारखे, मधला प्लाय मात्र कोरडा. हे असं का होतं ते पण कोणीतरी सांगा.

आणि ज्याच्यामुळे हा धागा काढला ते आता. जानेवारीत एका रात्री नानांनी बंबातले निखारे घमेल्यात काढून आत ठेवले आणि खिडक्या-दार लावून झोपले. पहाटे लघवीला उठले तर डोकं फुटायला आलेलं, पाय लटपटत होते, कसेबसे दार उघडून बाहेर ओट्यावर बसले आणि तिथेच उलटी झाली. शेजारच्या मळ्यातल्या काकांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले दम्याचा अटॅक नाही, कोळशाचा वायू (कार्बन मोनॉक्साइड) आहे, त्याला वासही नसतो आणि धूरही दिसत नाही, अजून तासभर झोपले असते तर उठलेच नसते. त्या दिवसापासून मला रात्री फोन वाजला की धस्स होतं. निखारे, शेगडी, गॅसचा हीटर असलं काहीही सुचवू नका, हात जोडते.

आत्ता २००० वॅटचा ब्लोअर आहे. चालू केला की दहा मिनिटांत गरम, बंद केला की पंधरा मिनिटांत परत बर्फ. कोरड्या हवेने नानांना खोकला लागतो. रात्रभर ठेवला तर ८ तासांचे १६ युनिट, महिन्याचे ४८० होतात, म्हणजे स्लॅब कुठच्या कुठे गेला. घरचं कनेक्शन सिंगल फेज आहे, संध्याकाळी व्होल्टेज पण पडतं.

ऑइलचा रेडिएटर घेऊ, हॉट अँड कोल्ड एसी घेऊ, का ते भिंतीवरचे इन्फ्रारेड पॅनल? एकाने सोलर वॉटर हीटरचं पाणी जमिनीखालून फिरवा असंही सांगितलं. बजेट सगळं मिळून ७५ हजार. मे महिन्यात तोच डबा तापतो ते वेगळंच.

पत्राकाम_सातपूर:
ताई, आधी नानांना जपा, बरं झालं निखारे बंद केलेत. आता हीटर घ्यायची घाई करू नका. तुमच्या स्क्रूच्या थेंबातच उत्तर आहे. प्लाय ज्या लोखंडी अँगलवर मारलाय तो थेट पत्र्याला वेल्ड केलेला असणार, बाहेरचा गारवा अँगलमधून स्क्रूत आणि स्क्रूतून आत येतो, श्वासाची वाफ त्यावर बसते. जे स्क्रूवर दिसतंय तेच प्लायच्या मागे सगळ्या पत्र्यावर होत असणार, फक्त तुम्हाला दिसत नाही. ओली हवा फटीतून मागे जाते आणि गार पत्र्याला लागली की पाणी. ग्लासवूल भिजलं की त्याचा उपयोग संपला. एक काम करा, कोपऱ्यातला एक प्लाय खोलून बघा आणि इथे सांगा.

वॅटमीटर:
मी थोडं गणित मांडतो. तुमच्या डब्याच्या सहाही बाजू मिळून साधारण ७४ चौरस मीटर होतात. बाहेर ६ आणि आत १८ हवे असतील तर फरक १२ अंशांचा. नुसता पत्रा असेल तर जवळजवळ ४८०० वॅट बाहेर जातात, म्हणून ब्लोअर बंद केला की लगेच गार होतं, त्यात ब्लोअरचा दोष नाही. तोच पत्रा आतून दोन इंच पीयू फोमने (फवारून लावतात, मग घट्ट होतो) झाकला की ४०० वॅटच्या आसपास, खिडक्यांचे २००, दारा-फटीतून जाणाऱ्या हवेचे १५० धरा. लोखंडी फ्रेममधून जाणारे धरूनही हजारच्या आत बसतं. म्हणजे पाचपट फरक, तोही हीटर न बदलता.

आता यंत्र. ऑइल रेडिएटर, ब्लोअर, इन्फ्रारेड, नाव काहीही असो, एका युनिट विजेची एकाच युनिटची उष्णता मिळते, जास्त नाही, दुकानदार काहीही सांगो. फरक एवढाच की रेडिएटरला पंखा नाही, हवा अंगावर येत नाही. हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी मात्र उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत टाकतो, एका युनिटला तीनच्या आसपास देतो. हजार वॅटची गरज असेल तर ३००-३५० वॅट खातो, ८ तासांचे अडीच-तीन युनिट. तुमच्या १६ शी ताडून बघा. ५-६ अंशांना नीट चालतो, मधूनच बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवायला काही मिनिटं थांबतो, बिघडला समजू नका. आणि मे महिन्याचा प्रश्न त्याच मशिनने सुटतो. जमिनीखालून पाणी फिरवायचं या डब्यात नको, उंची जाते आणि खालून वारा वाहतोय तिथे ती उष्णता शेतात जाईल.

तारवाला:
सगळ्यांनी सोडलेली गोष्ट सांगतो. हे अख्खं घर लोखंडाचं आहे, एक वायर सोलली गेली तर भिंत, दार, कडी सगळ्यात करंट. कंटेनरच्या बॉडीला स्वतंत्र अर्थिंग आहे का बघा, आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय हीटर काय, मोबाइलचा चार्जरही लावू नका. आत पाणी ठिबकतंय म्हणताय म्हणून जास्त काळजी वाटली. एसीला स्टॅबिलायझर घ्या.

मळ्यातली लेक:
तारवाला दादा, अर्थिंग नव्हतं. नव्हतंच! कालच वायरमन बोलावून खड्डा घेऊन घातलं, आरसीसीबी पण बसवला, तुमचे कसे आभार मानू कळत नाही.

प्लाय खोलला. ग्लासवूल खाली घसरून गोळा झालंय, वरचा हातभर भाग रिकामा, आणि खालचं पिळलं तर पाणी निघालं. पत्र्याला आतून तांबूस गंज धरायला लागलाय. नाना बघत होते, म्हणाले, "आपण घोंगडी घेतली होती, ती ओली निघाली." आता सांगा, फोम आतून मारू का बाहेरून? आणि तळाचं काय?

पत्राकाम_सातपूर:
आतून मारा, बाहेरून मारला तर ऊन-पावसापासून झाकायला परत पत्रा लागेल, बजेट जाईल. सगळं ग्लासवूल काढा, गंज घासून प्रायमर लावा, पत्रा पूर्ण कोरडा होऊ द्या, मग क्लोज्ड सेल पीयू स्प्रे थेट पत्र्यावर, मध्ये हवेला जागाच ठेवायची नाही. ओपन सेल कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी नको, तो पाणी पितो. अँगलवर लाकडी पट्टी घाला आणि प्लाय त्या पट्टीवरच मारा, स्क्रू लोखंडात जाता कामा नये. दोन इंच जागा आधीच गेलेली आहे, खोली आणखी फारशी लहान होणार नाही. तळाला पण खालून स्प्रे मारून घ्या, दीड फूट उंची आहे, माणूस आडवा शिरू शकतो. फोम उघडा कुठेच ठेवू नका, पेटला तर धूर विषारी असतो, प्लाय नाहीतर जिप्सम बोर्डाने झाकलाच पाहिजे. आणि काम चालू असताना नानांना नाशिकला न्या, दमा आहे, स्प्रेचा वास पूर्ण जाईपर्यंत आत झोपवू नका. छोटा एक्झॉस्ट पण बसवा, स्वयंपाकाची वाफ बाहेर गेली पाहिजे.

वॅटमीटर:
फोम होईपर्यंतच्या रात्रींसाठी इलेक्ट्रिक ब्लँकेट बघा, शंभर वॅटच्या आसपास खातं, खोली नाही पण माणूस गरम राहतो. नानांना शुगर असेल तर मात्र झोपायच्या आधी गादी तापवून बंद करा, पायाला चटका बसला तरी कळत नाही.

मळ्यातली लेक:
शुगर आहे, बरं झालं सांगितलं, तसंच करते. फोमवाल्यांकडून दोन कोटेशन मागवलीत, आधी फोम, उरलेल्या पैशात एक टनाचा एसी, कमी पडले तर एसी पुढच्या महिन्यात. नाशिकला यायला नाना कसेबसे तयार झालेत, मळ्याला पाणी भाऊ देणार या बोलीवर. शेवटचं एक, एसी कुठल्या भिंतीवर लावू? पलंग आतल्या टोकाला आहे, दार दुसऱ्या टोकाला.

पत्राकाम_सातपूर:
दाराच्या टोकाच्या आखूड भिंतीवर, झोत पलंगाच्या पायाकडे. बाहेरचं युनिट कंटेनरला अडकवू नका, जमिनीवर वेगळ्या स्टँडवर ठेवा, नाहीतर रात्रभर सगळा पत्रा घुमेल आणि नाना दुसऱ्याच दिवशी एसी बंद करून ठेवतील.