मदत हवी आहे : कुजक्या लाकडातून काढलेलं लॅकेज डायलिसिसनंतर गायब

नाशिकला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं लॅकेज हे एन्झाइम वेगळं काढायचंय. दिंडोरीच्या मामांनी जुनी द्राक्षबाग काढली, त्यातली खोडं दोन पावसाळे बांधावर पडून होती. आतून पांढरट, स्पंजासारखी, नखाने सुटणारी. म्हणजे व्हाइट रॉट, बुरशीने केलेली पांढरी कूज. बोर्डो पेस्ट फासलेल्या खोडांनाही बुरशीने सोडलं नव्हतं.

100 ग्रॅम लाकूड मिक्सरला फिरवलं (आईने तो मिक्सर परत स्वयंपाकघरात घेतलेला नाही). पीएच 5 चा 50 मिलिमोलर ॲसिटेट बफर 500 मिली घालून बर्फावर चार तास ढवळलं, मलमलीतून गाळून सेंट्रिफ्यूज केलं. तोवर सगळं छान, ग्वायकॉल (लॅकेज असेल तर रंग देणारं रसायन) घातल्यावर पाच मिनिटांत विटकरी रंग. मग प्रथिनं खाली बसवायला 80 टक्के अमोनियम सल्फेट, रात्रभर फ्रिज, मग मीठ काढायला बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून बफरमध्ये दोन दिवस डायलिसिस. जंतू वाढून वास येऊ नये म्हणून डायलिसिसच्या बफरमध्ये 0.02 टक्के सोडियम अझाइड होतं. अल्ट्राफिल्ट्रेशनची सोय नाही, म्हणून पिशवी पाणी ओढून घेणाऱ्या पीईजीच्या पावडरीत ठेवून 20 मिलीचे 4 मिली केले.

हाती आलं कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी. ग्वायकॉलला ढिम्म! प्रथिन मोजायची ब्रॅडफर्ड चाचणी मात्र भरपूर प्रथिन दाखवतेय. कुठे चुकलं? सबमिशन तोंडावर आहे.

प्रतिसाद १
अझाइडने घात केला. लॅकेजचं सगळं काम त्यातल्या तांब्यावर चालतं आणि अझाइड नेमकं तिथेच जाऊन बसतं. एन्झाइम मेलं असेलच असं नाही. साध्या बफरमध्ये, तीनदा बफर बदलून परत डायलिसिस कर. जुनं पाणी सिंकमध्ये ओतू नकोस, आम्लात अझाइडची विषारी वाफ होते. सरांना विचारून वेगळ्या बाटलीत ठेव.

चहाचा रंग लाकडातल्या फिनॉलचा. सल्फेटबरोबर तोही खाली बसतो, मग सुटता सुटत नाही. पुढच्या वेळी ढवळतानाच 1-2 टक्के पीव्हीपीपी पावडर घाल. ते विरघळत नाही, फिनॉल धरून भुशासोबत खाली जातं. ब्रॅडफर्डचा आकडा लिहू नकोस, त्यातही फिनॉल लुडबुड करतं. एबीटीएस (लॅकेजने रंग येणारं दुसरं रसायन) मिळालं तर 420 नॅनोमीटरला रंग मोज, तुलनेच्या ब्लँकला उकळलेला नमुना लाव.

धागाकर्ती
धन्यवाद दादा! शनिवार-रविवार लॅबमध्येच काढला. अझाइडशिवाय डायलिसिस केलं, आज दहा मिनिटांत विटकरी रंग आला. चहा अजून चहाच आहे. मामांकडून आणखी एक खोड मागवलंय, मिक्सर तोच.