रिफ्रेशरला (प्राध्यापकांच्या उजळणी वर्गाला) गेलात तेव्हा कुठल्या फाटकाशी उतरलात? (अनुभव धागा)

गोदाकाठ

काल पुतणीचा फोन आला. "काकू, पुण्याला दोन आठवड्यांचा रिफ्रेशर लागलाय, सोमवारी हजर व्हायचंय, काय काय नेऊ?" सांगायला सुरुवात केली आणि बोलता बोलता गळाच दाटून आला. फोन ठेवला तेव्हा मी डिसेंबर १९९८ मध्ये जाऊन बसले होते.

तेव्हा ओरिएंटेशन, म्हणजे नव्या प्राध्यापकांचा पहिला वर्ग, चार आठवड्यांचं असायचं. मुलगी चौदा महिन्यांची. तिला सासूबाईंपाशी ठेवून परभणीहून रात्रीच्या एसटीनं निघाले. पहाटे पाचला शिवाजीनगर. मिट्ट काळोख, कडाक्याची थंडी. रिक्षावाल्याला "विद्यापीठ" एवढंच सांगितलं, त्यानं मुख्य फाटकाशी सोडलं आणि तो निघून गेला. आमच्या कॉलेजचं आवार म्हणजे एका टोकाहून हाक मारली की दुसऱ्या टोकाचा शिपाई ओ देई. इथे ४११ एकर! वसतिगृह किती आत असेल याची कल्पनाच नव्हती.

फाटकावर माकडटोपी घातलेले एक वयस्क पहारेकरी होते. त्यांना पत्र दाखवायला पर्स उघडली, तर पत्राबरोबर मुलीचं टोपडं खाली पडलं. कधी पर्समध्ये ठेवलं होतं, माझं मलाही आठवत नव्हतं. त्यांनी बॅटरी खाली धरली, टोपडं उचललं, दोनदा झटकलं आणि घडी करून माझ्या हातात दिलं. काही विचारलं नाही. दुसऱ्या माणसाला फाटकाकडे बघायला सांगून माझी वळकटी सायकलच्या कॅरियरवर बांधली आणि वडाच्या पारंब्यांखालून मला पार वसतिगृहाच्या दारापर्यंत पोचवलं. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. पंचवीसेक वर्षं ते मनात आहे.

पत्रात सत्रांच्या वेळा असतात, नोंदणीचं शुल्क असतं. पण कुठल्या फाटकाशी उतरायचं, खोलीत बादली असते का, रविवारी रात्री जेवायचं कुठे, हे जाऊन आलेलं माणूसच सांगू शकतं. तर लिहा मंडळी. विद्यापीठ कुठलंही चालेल.

खारीबटर

रुमाल टाकते. कुकर लावून येते.

मोरपीस

गोदाकाठताई, टोपड्यापाशी थांबले. पुढचं नंतर वाचलं.

कामाचं सांगते, मी सहा कोर्स केलेत. एसटीचं मशीनचं तिकीट थर्मल कागदावरचं असतं, त्यावरची अक्षरं उडून जातात! टीए (प्रवासखर्चाचं) बिल भरायला बसलं की हातात पांढरी चिठ्ठी. उतरल्या दिवशीच झेरॉक्स काढा नि फोटोही काढून ठेवा. मूळ तिकीट पुस्तकात दाबून ठेवायचं, पाकिटात घामानं लवकर जातं. कॉलेजकडून कार्यमुक्तीचं पत्र आणि ना हरकत दोन्ही घ्या, दोन दोन प्रती. शेवटच्या दिवशी उपस्थितीचा दाखला हातात घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. कॅसच्या (बढतीच्या) फायलीला तोच लागतो, मागाहून मिळवताना जीव जातो. माझा एक दाखला मिळायला आठ महिने लागले. कुठला ते नाही सांगत.

वऱ्हाडी ठेचा

मी २००९ मध्ये मुंबईला गेलो होतो. विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी सीएसटीला उतरलो. लहानपणापासून डोक्यात मुंबई विद्यापीठ म्हणजे राजाबाई टॉवर, शाळेत भिंतीवर चित्र होतं. बॅग घेऊन चालतच गेलो फोर्टात. टॉवर पाहिला न् मन भरून आलं, २८० फूट उंच, १८७८ मध्ये बांधून झालेला. तिथल्या माणसानं पत्र हातात घेतलं आणि त्यावरच्या "विद्यानगरी, कलिना" या दोन शब्दांवर बोट ठेवलं. पत्रात बरोबर होतं, मीच वाचलं नव्हतं. मग चर्चगेट, तिथून लोकल, सांताक्रूझ पूर्व, तिथून रिक्षा. पहिलं सत्र संपत आलं होतं.

नागपूरकडून येणाऱ्यांनी दादरलाच उतरावं आणि पश्चिम रेल्वेची लोकल धरावी. कुर्ल्याहूनही कलिना गाठता येतं. फोर्टात रिक्षा शोधू नका, तिकडे रिक्षा चालतच नाही. पण एखाद्या रविवारी टॉवर बघायला मात्र मुद्दाम जा.

कळसूबाई

पुण्याला जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं!! शिवाजीनगर एसटी स्टँड आता जुन्या जागी नाही. मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवलं. गोदाकाठताई, तुमच्या आठवणीतलं रेल्वे स्टेशनला लागून असलेलं स्टँड पुतणीच्या डोक्यात असेल तर ती चुकेल. तिला म्हणावं, तिकिटावर शिवाजीनगर असलं तरी उतरायचं वाकडेवाडीलाच. तिथून विद्यापीठाला रिक्षा. आणि रिक्षात बसण्याआधी वसतिगृहाचं नाव सांगायचं, नुसतं "विद्यापीठ" नाही.

विद्यापीठ चौकातला जुना पूलही २०२० मध्ये पाडला, तेव्हापासून तिथे काम नि गर्दी. सकाळी साडेनऊला बाहेरून येणार असाल तर हाताशी वेळ ठेवा.

गोदाकाठ

अगं बाई! मी तिला जुनंच सांगून बसले होते. आत्ता फोन करते.

इतिहासवेडा

विषय पुणे विद्यापीठाचा, म्हणजे गणेशखिंडीचा, निघाला म्हणून लिहितो, अवांतर वाटलं तर क्षमस्व. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान. काम १८६४ मध्ये सुरू झालं, १८७१ मध्ये संपलं. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथेच होता. तो आटोपून रँड बाहेर पडला आणि याच गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी त्याला गाठलं. सोबतचा आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. मी कोर्सला होतो तेव्हा रोज रात्री जेवून त्या रस्त्याला चक्कर मारायचो. विद्यापीठ १९४९ चं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर, त्यांच्याच नावाचं ग्रंथालय. कोर्सला आलेल्यांनी पहिल्या दोन दिवसांतच तात्पुरत्या वाचक कार्डाची चौकशी करावी. शेवटच्या आठवड्यात जाग येऊन उपयोग नसतो.

कळसूबाई

इ.वे., अवांतर कसलं, असंच लिहा. मी त्या रस्त्यानं वीस वर्षं जातेय, हे डोक्यात कधी आलं नाही.

खारीबटर

आले. कुकर झाला.

माझा अनुभव बादलीचा. एका विद्यापीठात (नाव नको) खोलीत बादलीच नव्हती, तांब्या नव्हता, आणि पंख्याला एकच वेग. आम्ही दोघी, मी नि एक गडचिरोलीची भूगोलाची मॅडम. दोघींनी मिळून एक बादली आणली. पहाटे पाच ते सहा एवढंच गरम पाणी, म्हणून ती आधी उठून बादली भरायची आणि अर्धी माझ्यासाठी झाकून ठेवायची. वर स्वतःचा टॉवेल घालून, पाणी गार होऊ नये म्हणून! एकवीस दिवस. कोर्समध्ये काय शिकवलं ते वहीत आहे, पण तो टॉवेल डोळ्यापुढे आहे. अजून दर दिवाळीला फोन असतो.

यादी: कुलूप स्वतःचं, सुतळी किंवा कपडे वाळवायची दोरी, डासांची अगरबत्ती, एक चादर जास्तीची, एक्स्टेंशन बोर्ड (चार्जिंगचा पॉइंट खाटेपासून कायम लांब असतो).

यंत्रविशारद

पवईच्या आयआयटीत इंजिनिअरिंगच्या मास्तरांसाठी छोटे कोर्स असतात, त्याला गेलो होतो. बाहेरगावच्या गाडीनं येणाऱ्यांनी ठाण्याला उतरून सीएसएमटीकडची धिमी लोकल धरावी. कांजूरमार्गला जलद लोकल थांबत नाही, चुकून तिच्यात बसलात तर थेट घाटकोपर. कांजूर पश्चिमेला रिक्षा मिळते. फाटकावर फोटोचं ओळखपत्र लागतंच, ते बॅगेच्या तळाशी ठेवू नका. वनविहार आणि जलविहार अशी दोन अतिथीगृहं आहेत, आपलं कुठलं ते पत्रात पाहून मगच रिक्षा आत घ्या. आतल्या आत फिरायला टमटम आहे.

खिडकी उघडी टाकून सत्राला जाऊ नका. माकडं येतात. माझ्या शेजारच्या खोलीतून आख्खा चिवड्याचा डबा गेला, झाकण उघडून, नीट. रात्री तलावाच्या बाजूला एकट्यानं हिंडू नका. आवार जंगलाला लागून आहे, बिबट्या येतो.

मोरपीस

चिवड्याचा डबा झाकण उघडून! आमच्या घरात मुलांनाही ते झाकण उघडत नाही.

सायसाखर

वाचून रडू आलं. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे आणि मला पुढच्या महिन्यात जायचंय. आई सोबत यायला तयार आहे. पण वसतिगृहात बाळ चालतं का? कुणाला विचारू? कॉलेजात विचारलं तर म्हणे पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षी माझी कॅसची तारीख निघून जाते.

गोदाकाठ

सायसाखर, बाळा, पुढे ढकलू नकोस. माझं ऐक. कोर्सच्या समन्वयकांना आजच फोन कर आणि सरळ सांग, बाळ आहे, आई सोबत आहे. बरेचदा दोघींना स्वतंत्र खोली देतात, नाही जमलं तर जवळपास पंधरा दिवसांसाठी खोली कुठे मिळेल ते तरी सांगतात. फोन झाला की तेच लेखी पाठव, म्हणजे पोचल्यावर नव्यानं सांगत बसावं लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत खोलीवर जाता येईल इतकं जवळ हवं, तेवढं मात्र धरून बस.

मी परत गेले तेव्हा लेक माझ्याकडे आली नाही. चार दिवस सासूबाईंच्या पदराआडून बघत राहिली. पाचव्या दिवशी मी भाकरी थापत होते तर मागून येऊन पाठीला चिकटली. आता ती स्वतः शिकवते. तिला काही आठवत नाही, मला आठवतं.

सायसाखर

काकू, उद्या सकाळीच फोन करते.

पंचगंगा

कोल्हापूरला कुणी नाही आलं का? या की एकदा! शिवाजी विद्यापीठ, १९६२ चं, ८५३ एकर. पहाटे मोर वरडत्यात, गजराची गरज न्हाई. मुख्य इमारतीसमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा, रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी चालतंय. रेल्वेनं आलासा तर टर्मिनसच आहे, गाडी फुडं जात न्हाई, निवांत झोपून या. रविवारी सकाळी अंबाबाई, दुपारी पन्हाळा. आणि रविवारी रात्री मेस बंद, ते ध्यानात ठेवायचं. त्या रात्री गावात जाऊन तांबडा-पांढरा. शाकाहारी असाल तर मिसळ सकाळीच उरकायची.

निशाचर

रविवारची मेस बंद यावरून आठवलं. जर्मनीत हायडेलबर्गला समर स्कूलसाठी गेलो, शनिवारी रात्री पोचलो. रविवारी दुकानं बंद असतात हे ठाऊकच नव्हतं. सकाळी उठून गावभर फिरलो, सगळीकडे टाळं. आईनं बळंबळं बॅगेत कोंबलेले मेथीचे लाडू होते, सात. दिवस त्यांच्यावर निघाला. संध्याकाळी कळलं की मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं रविवारीही उघडी असतात. तिकडे जाणाऱ्यांनी शक्यतो शुक्रवारी पोचावं. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

मोरपीस

आयांचे लाडू! लाडवांचा वेगळा धागा काढा कुणीतरी.

दोडामार्ग

गोवा विद्यापीठासाठी: मुंबईकडून येताना करमळीला उतरलात तर पणजी जवळ, मडगाव त्याच्या पुढे नि बरंच लांब. पण सगळ्या गाड्या करमळीला थांबत नाहीत, तिकीट काढतानाच पाहा. विद्यापीठ ताळगावच्या पठारावर. पणजीच्या कदंब स्टँडवरून बस आहे, पण काळोख पडल्यावर बसच्या भरवशावर राहू नये. वारा जोराचा, वाळत घातलेले कपडे चिमटे लावल्याशिवाय राहत नाहीत. इतिहासवाल्यांनी ग्रंथालयात इतिहासकार पिसुर्लेकरांचा संग्रह अवश्य बघावा. आणि पणजीत स्टँडजवळ पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ पासूनचं. बसला वेळ असेल तर मी तिथेच बसते.

इतिहासवेडा

दोडामार्ग, पिसुर्लेकर संग्रहासाठी वेगळी परवानगी लागते का? जानेवारीत येतोय.

दोडामार्ग

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. येताना कॉलेजचं पत्र आणा, ते असलेलं बरं.

तारांगण

पुण्यात भौतिकशास्त्रवाल्यांनी आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था चुकवू नये. विद्यापीठाच्या आवारातच आहे, इमारत चार्ल्स कोरियांची. पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फूकोचा लंबक आहे, आणि मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. आत जायला आधी विचारून घ्यावं लागतं, आमच्या समन्वयकांनी सगळ्या बॅचसाठी एक संध्याकाळ ठरवून दिली होती. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सगळ्यांना खुलं असतं. मी लंबकासमोर पाऊण तास उभा होतो. पंधरा वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो होतो, प्रत्यक्ष त्या दिवशी पाहिला.

खारीबटर

गोदाकाठताई, पुतणी पोचली का?

गोदाकाठ

पोचली गं. वाकडेवाडीला उतरली, वसतिगृहाचं नाव सांगून थेट दारापर्यंत रिक्षा नेली. खोलीत बादली आहे. रूम पार्टनर नंदुरबारची आहे, तिनं जवसाची चटणी आणलीय. मुख्य फाटकाचा फोटो पाठव म्हटलं होतं, तो आत्ता आला. फाटक बदललंय. वड तेच आहेत.

मोरपीस

जवसाच्या चटणीत लसूण घालतात का तिकडे? विचारा ना तिला.